बोलणारं यंत्र आणि आपली बोली

मोबाईल फोन आता बहुतेक घरांत आला आहे. पूर्वी त्याचं काम एवढंच होतं, की दूरच्या माणसाशी बोलायचं. लेक सासरी असली, मुलगा पुण्याला कामाला असला, तर त्याची खुशाली विचारायची. आता मात्र नवल झालं आहे. पलीकडं माणूस नसला तरी फोन बोलतो. आपण विचारावं आणि त्यानं सांगावं. ‘कापसाची पानं लाल पडली, काय करू?’ असं विचारलं तर उत्तर येतं. ‘पीक विम्याचा अर्ज कसा भरायचा?’ असं विचारलं तरी उत्तर येतं. तेही मराठीत आणि गोड आवाजात.

हे बोलणारं कोण आहे? तिथं माणूस बसलेला नसतो. ते यंत्र असतं. या यंत्राच्या अंगी जो गुण आहे त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. कृत्रिम म्हणजे माणसानं बनवलेली. बुद्धिमत्ता म्हणजे अक्कल. इंग्रजी नावाची दोन अक्षरं घेऊन लोक तिला ‘एआय’ असंही म्हणतात. नाव कोणतंही घ्या, वस्तू एकच.

आता आपल्यापुढं तीन प्रश्न येतात. हे यंत्र मराठी शिकलं कसं? आपली गावाकडची बोली त्याला कळते का? आणि त्याचं सांगणं किती मानावं? हे तीन प्रश्न आपण एकेक करून पाहू.

यंत्र शिकतं कसं?

लहान मूल बोलायला कसं शिकतं ते आठवा. घरातली माणसं बोलतात, मूल ऐकतं. पण ते नुसतं ऐकत नाही. ‘पाणी’ हा शब्द कानावर पडतो तेव्हा त्याच्या ओठाला पेला लागलेला असतो. ‘चटका’ हा शब्द कळतो तेव्हा बोट भाजलेलं असतं. शब्द आणि अनुभव जोडीनं येतात.

यंत्राला ओठ नाहीत, बोट नाही. त्याला मिळतात ते नुसते शब्द. पुस्तकं, वर्तमानपत्रं, सरकारी कागद, लोकांनी इंटरनेटवर लिहिलेला मजकूर, अशी कोट्यवधी वाक्यं त्याला देतात. त्यांतून ते मुख्यतः एक गोष्ट शिकतं. कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द येतो, ही ती गोष्ट.

एक दाखला घेऊ. ‘पाऊस झाला. वापसा आला. आता ____ करू.’ ही गाळलेली जागा तुम्ही चटकन भराल. तुम्ही म्हणाल, ‘पेरणी’. यंत्रही ‘पेरणी’च म्हणेल. पण दोघांत फरक आहे. तुम्ही मातीचं ढेकूळ हातात घेऊन दाबून पाहिलं आहे. वापसा म्हणजे काय ते तुमच्या हाताला ठाऊक आहे. यंत्रानं माती पाहिलेली नाही. वापसा या शब्दाजवळ पेरणी हा शब्द पुष्कळदा आलेला त्यानं टिपला आहे, एवढंच.

म्हणजे यंत्राचं ज्ञान ऐकीव आहे. ऐकीव ज्ञान वाईट असतं असं नाही. आपणही वडीलधाऱ्या माणसांकडून ऐकूनच शिकतो. पण ऐकीव ज्ञानाला एक मर्यादा असते. जे कानावर पडलंच नाही ते कळत नाही. शिवाय यंत्राला एक खोड आहे. ठाऊक नसलं तरी ते पुष्कळदा गप्प बसत नाही. अंदाजानं बोलतं, आणि ठामपणे बोलतं. त्यामुळं खरं उत्तर आणि चुकीचं उत्तर दोन्ही एकाच सुरात येतात.

कुणाची भाषा जास्त ऐकली?

इंटरनेटवर विकिपीडिया नावाचा एक मोठा ज्ञानकोश आहे. लोकच तो लिहितात आणि फुकट वाचतात. यंत्रांना शिकवताना त्याचा फार उपयोग करतात. इंग्रजी विकिपीडियावर २०२५ साली ७० लाखांहून जास्त लेख होते. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्यावरचे लेख एक लाखाच्या आसपास आहेत.

मग मराठी बोलणारे थोडे आहेत की काय? मुळीच नाही. २०११ सालच्या जनगणनेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी आपली मातृभाषा मराठी सांगितली. एकट्या बीड जिल्ह्याची वस्ती तेव्हा २५ लाख ८५ हजार होती. बोलणारे कोट्यवधी, पण लिहून ठेवलेलं थोडं, अशी गत आहे. आणि जे लिहिलेलं आहे तेही बहुतेक पुस्तकी मराठीत आहे. आष्टी-पाटोद्याकडचं बोलणं, गेवराई-माजलगावकडचं बोलणं त्यात क्वचितच सापडतं.

कुठंही जा, पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो. पण बोलीचं तसं नाही. बोली बारा कोसांवर बदलते. पुस्तकात लिहितात, ‘पाऊस पडत आहे.’ आपल्याकडं म्हणतात, ‘पाऊस पडायलाय.’ दोन्हींचा अर्थ एकच. पण ज्या यंत्रानं ‘पडायलाय’ कधी ऐकलंच नाही, ते त्याऐवजी ‘पडायला’ असं लिहू शकतं. मग पाऊस पडतो आहे, की पडायचा आहे? सगळा घोटाळा. एका अक्षरानं अर्थ फिरतो.

कोयता, उचल आणि फड

आता आपल्या जिल्ह्याचाच एक दाखला पाहा. दसरा-दिवाळी आली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात जातं. या कामाची एक स्वतंत्र भाषा आहे. समजा, एकानं यंत्राला विचारलं, ‘आमचे दोन कोयते आहेत. एका कोयत्याला उचल किती धरावी?’

शब्दकोशात कोयता म्हणजे लोखंडी हत्यार. उचल म्हणजे वर उचलण्याची क्रिया. नुसती पुस्तकं वाचलेलं यंत्र म्हणेल, हा माणूस दोन हत्यारं उचलायचं बोलतो आहे. पण ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. उचल म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती रक्कम पुढं ऊस तोडून फेडायची असते.

फड हा शब्दही तसाच. ऊसतोडीत फड म्हणजे तोडायचा ऊस उभा आहे ते शेत. तमाशाचाही फड असतो. कुस्त्यांचाही फड असतो. माणूस आजूबाजूचं बोलणं ऐकून अर्थ लावतो. यंत्रही शेजारचे शब्द पाहूनच अर्थ लावतं. पण ऊसतोडीचं बोलणं त्यानं ऐकलेलं असेल तरच त्याला तो लावता येईल.

यात हसण्यासारखं आहे, तसंच काळजीचंही आहे. उद्या कुणी उचलीचा कागद यंत्राकडून वाचून घेतला आणि यंत्रानं कोयत्याचा अर्थ चुकीचा लावला, तर एका माणसाचा हिशेब दोघांना लागेल, किंवा दोघांचा हिशेब एकाच्या अंगावर पडेल. त्यात नुकसान यंत्राचं होणार नाही, तोडणाऱ्या माणसाचं होईल.

दासोपंतांनी सांगितलेली गोष्ट

ही अडचण आजची नाही. आपल्या अंबाजोगाईत चारशे वर्षांपूर्वी एका मोठ्या माणसानं ती ओळखली होती. ते होते संत दासोपंत. त्यांचा काळ १५५१ ते १६१५. त्यांनी एका लांबलचक कापडावर ग्रंथ लिहिला. तीच दासोपंतांची प्रसिद्ध पासोडी. भगवद्गीतेवर त्यांनी ‘गीतार्णव’ नावाचा फार मोठा ग्रंथ मराठीत रचला.

त्या काळी काही पंडित म्हणत, की ज्ञान संस्कृतातच सांगावं, मराठीत काय आहे? दासोपंतांनी त्यांना भांड्यांचा दाखला दिला. त्याचा मथितार्थ असा : संस्कृतात सरसकट घट म्हणतात. पण लोकांच्या बोलीत डेरा वेगळा, रांजण वेगळा, सुगड वेगळं. प्रत्येकाचा आकार वेगळा, काम वेगळं. एका शब्दात हे सगळं कसं सांगणार?

किती खरं आहे पाहा. पाणी साठवायचं ते रांजणात. संक्रांतीला वाण द्यायचं ते सुगडाचं. दोन्हींना ‘मातीचं भांडं’ म्हटलं तर चूक होत नाही, पण काम अडतं. लोकांच्या बोलीत नुसते शब्द नसतात. त्यांत लोकांची अक्कल साठवलेली असते. कापसाची पानं लाल पडण्याला शेतकरी ‘लाल्या’ म्हणतो. एवढ्या एका शब्दात पीक आलं, दुखणं आलं आणि त्याचं रूपही आलं. लाल्या हे नाव ज्या यंत्राला ठाऊक नाही, त्याला शेतकऱ्याची निम्मी गोष्ट कळत नाही.

दर देशाची रीत वेगळी

भाषेबरोबर रीतही येते. इंग्रजी भाषेत वडिलांचा भाऊ आणि आईचा भाऊ या दोघांना एकच शब्द आहे, अंकल. आपल्याकडं एक चुलता आणि दुसरा मामा. मामा लग्नात मुलीच्या पाठीशी उभा राहतो. चुलत्याचं नाव वडिलोपार्जित जमिनीच्या कागदावर असू शकतं. इंग्रजीतल्या एखाद्या कागदाचं यंत्रानं भाषांतर केलं आणि अंकलच्या जागी मामाऐवजी काका लिहिलं, तर घरात हसू होईल. पण तो वारसाचा कागद असला तर भांडण उभं राहील.

तीच गोष्ट मानाची. इंग्रजीत लहानाला आणि मोठ्याला एकच शब्द चालतो. आपल्याकडं लेकराला तू म्हणतात आणि आलेल्या पाहुण्याला तुम्ही म्हणतात. आईला मात्र मायेनं तूच म्हणतात. हे कोणी पुस्तकात शिकवत नाही. घरात वाढताना ते समजतं. यंत्राला ते आपोआप समजत नाही, शिकवावं लागतं.

जपानी माणसाची रीत निराळी, अरबी माणसाची निराळी, आपली निराळी. ज्या देशाचा मजकूर यंत्रानं जास्त वाचला, त्या देशाची रीत त्याला सगळ्या जगाची रीत वाटते. मग ते बीडच्या माणसाला परदेशातल्या माणसासारखा सल्ला देतं. याला आपण उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतो.

एका हिशेबाची गोष्ट

हे सगळं बोलण्यापुरतं राहिलं असतं तर फार बिघडलं नसतं. पण शेतात औषध फवारताना चूक झाली तर पीक जातं. माणसाच्या जिवावरही बेततं. म्हणून हा हिशेब नीट पाहा.

समजा, यंत्रानं सांगितलं, ‘हेक्टरी ५०० मिलिलिटर औषध वापरा.’ आपण शेत एकरात मोजतो. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. म्हणून एकराला औषध लागेल ५०० भागिले अडीच, म्हणजे २०० मिलिलिटर. ज्यानं नुसता ५०० हा आकडा ऐकला आणि तेवढं औषध एका एकरावर मारलं, त्यानं अडीच पट औषध मारलं.

पुढं पाहा. आपण औषध पंपाच्या हिशेबानं घालतो. पंप १६ लिटरचा आहे आणि एकराला २०० लिटर पाणी लागतं असं धरू. २०० भागिले १६, म्हणजे साडेबारा पंप झाले. २०० मिलिलिटर औषध साडेबारा पंपांत वाटलं, तर एका पंपाला १६ मिलिलिटर आलं.

हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. ते कोणत्याही औषधाचं प्रमाण नाहीत. खरं प्रमाण डब्यावर आणि डब्यासोबतच्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद आता तुम्हाला वाचता येतो. यंत्र काहीही सांगो, आधी तो कागद वाचा. आकडा जुळला नाही तर फवारणी थांबवा आणि जाणत्या माणसाला विचारा.

कागद आपला, भाषा परकी

आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना एक जुनी गोष्ट ठाऊक असेल. बीड जिल्हा १९४८ सालापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात बहुतेक लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत. पण कचेरीची भाषा उर्दू होती. शेत आपलं, घाम आपला, पण शेताचा कागद वाचायला दुसऱ्याचे डोळे लागत. वाचणारा सांगेल ते खरं. त्यानं दोन ओळी गाळल्या तरी ऐकणाराला कळत नसे.

उर्दू भाषेत काही दोष नव्हता. ती गोड भाषा आहे. आपल्या जिल्ह्यात आजही पुष्कळ घरांत ती बोलतात. दोष होता तो कारभाराच्या रीतीत. ज्याच्यासाठी कागद लिहायचा, त्यालाच तो वाचता येत नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला आणि मराठी ही राज्याच्या कारभाराची भाषा ठरली. यासाठी लोकांना फार झगडावं लागलं. आज यंत्र नावाचा नवा कारकून कचेरीत बसू लागला आहे. त्यालाही आपली भाषा नीट आली पाहिजे. नाही तर पुन्हा तेच होईल. कागद आपला आणि वाचणारा दुसरा.

पण याच यंत्राची दुसरी बाजूही पाहू. आपले जुने कागद मोडी लिपीत आहेत. मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत. २०२३ साली सरकारनं जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधायला घेतल्या. तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्या माणसांची फार निकड भासली. २०२५ साली उत्तर भारतातल्या रुडकी इथल्या आयआयटीच्या संशोधकांनी एक यंत्रणा पुढं आणली. मोडी कागदाचं चित्र दिलं की ती देवनागरीत वाचून दाखवते. तिला शिकवण्यासाठी मोडी कागदांची दोन हजारांहून जास्त चित्रं गोळा केली होती. प्रत्येक चित्रासोबत त्याचं देवनागरी वाचन जोडलं होतं. ते वाचन जाणत्या माणसांनी तपासून दिलं. म्हणजे पाहा, माणसांनी मेहनत करून शिकवलं, म्हणून यंत्र शिकलं.

यंत्राला मराठी कोण शिकवतं?

आता तुमच्या मनात येईल, की हे शिकवण्याचं काम करतं कोण? पुष्कळ ठिकाणी ते चाललं आहे.

भारत सरकारनं २०२२ साली ‘भाषिणी’ नावाची योजना आणली. देशातल्या भाषांत यंत्रानं बोलावं, लिहावं आणि भाषांतर करावं, हा तिचा हेतू. त्यात ‘भाषादान’ नावाचा एक भाग आहे. रक्तदान करतात तसं हे भाषेचं दान. कुणीही आपल्या आवाजात वाक्य वाचून देऊ शकतं, किंवा दुसऱ्यानं वाचलेलं बरोबर आहे का ते तपासू शकतं.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं गूगल कंपनीच्या मदतीनं ‘वाणी’ नावाचं काम हाती घेतलं आहे. त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून लोकांचे आवाज गोळा करतात. माणसाला फोनवर एक चित्र दाखवतात. चित्रात काय दिसतं ते त्यानं आपल्या बोलीत सांगायचं. कुणी म्हणेल बैलगाडी, कुणी म्हणेल छकडा. दोन्ही शब्द साठवले जातात.

पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींची पाहणी केली आहे. गावोगाव जाऊन त्यांनी लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं.

आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या भारतातल्या संशोधकांनी मराठी आवाज गोळा करण्याचा एक प्रयोग केला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात खेड्यातली गरीब माणसं होती, शहरातली गरीब माणसं होती आणि कॉलेजातले विद्यार्थीही होते. एकूण ३६ जणांनी १०९ तासांचं बोलणं भरून दिलं. मग ते तपासलं. कमी शिकलेल्या माणसांचं काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचं निघालं. ‘आम्ही अडाणी, आमच्या बोलण्याला काय किंमत?’ असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात धरावी.

याचं फळही दिसू लागलं आहे. पीएम किसान योजनेची माहिती देणारं ‘किसान ई-मित्र’ हे बोलणारं यंत्र २०२३ साली सुरू झालं. सुरुवातीला त्यात हिंदी, इंग्रजी, बंगाली, ओडिया आणि तमिळ या भाषा होत्या. मराठी नंतर आली. २०२५ साली राज्याच्या कृषी खात्यानं ‘महाविस्तार’ नावाचं अ‍ॅप आणलं. त्यात शेतकऱ्यानं मराठीत विचारावं आणि मराठीत उत्तर घ्यावं, अशी सोय आहे.

माओरी लोकांचं उदाहरण

सातासमुद्रापलीकडं न्यूझीलंड नावाचा देश आहे. तिथं माओरी हे मूळ रहिवासी. इंग्रज तिथं गेले आणि राज्य करू लागले. शाळेत माओरी बोलणाऱ्या मुलांना मार बसे. हळूहळू त्यांची भाषा मागं पडली. म्हातारी माणसं तेवढी ती नीट बोलत.

माओरी लोकांची स्वतःची एक नभोवाणी संस्था आहे. तिचं नाव ‘ते हिकू मीडिया’. यंत्राला माओरी शिकवायचं असं तिनं २०१८ साली ठरवलं. लोकांना हाक दिली. सुमारे अडीच हजार लोक पुढं आले. दहा दिवसांत त्यांनी तीनशेहून जास्त तासांचं बोलणं भरून दिलं. त्यातून माओरी समजणारं यंत्र तयार झालं.

पुढं परदेशी कंपन्या हे आवाज मागू लागल्या. माओरी लोकांनी ते उचलून दिले नाहीत. ते म्हणाले, आमची जमीन एकदा गेली, आता आमची भाषा तरी आमच्या ताब्यात राहू दे. या आवाजांचा उपयोग कुणी आणि कशासाठी करायचा, ते आम्ही ठरवू.

यातून शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. आपली भाषा यंत्राला शिकवायची असेल तर पुढं यावं लागतं. आणि देताना विचारून द्यावं लागतं. आवाज हीसुद्धा आपली मिळकत आहे. कुणी आवाज मागितला तर विचारा : कशासाठी हवा? मोबदला काय? माझं नाव बाहेर जाणार का? विचारण्यात लाज नाही.

आपण काय करावं?

यंत्राला भिऊ नये. त्याच्या पायाही पडू नये. गावात नवा माणूस आला तर आपण काय करतो? त्याला बसायला देतो, त्याच्याशी बोलतो, पण पहिल्याच दिवशी घराची किल्ली देत नाही. यंत्राशी तसंच वागावं.

प्रश्न विचारताना तो पुरता सांगावा. ‘लाल्या आला’ एवढंच म्हणू नका. ‘कापसाची पानं लाल पडली आहेत, लागवड जूनमधली, जमीन हलकी, कोरडवाहू’ असं सांगा. पानाखाली तुडतुडे दिसतात का, तेही पाहून सांगा. कारण पानं लाल पडण्याची कारणं अनेक आहेत. जमिनीत मॅग्नेशियम कमी पडलं तरी पानं लाल पडतात, आणि तुडतुड्यांनी रस शोषला तरी पडतात. कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा.

उत्तर आलं की ते ताडून पाहा. शेतीचं असेल तर कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाई आणि गेवराई तालुक्यातलं खामगाव इथं अशी केंद्रं आहेत. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. किसान कॉल सेंटरचा फोन १८००-१८०-१५५१ हा आहे. त्याला पैसे पडत नाहीत. दुखण्याबद्दल असेल तर दवाखान्यात विचारा. जमिनीचं असेल तर तलाठ्याकडं जाऊन कागद डोळ्यांनी वाचा.

उत्तर कळलं नाही तर यंत्राला तसं सांगा. ‘सोप्या शब्दांत सांग’ म्हणा. ‘एकराच्या हिशेबानं सांग’ म्हणा. चुकलं असेल तर ‘हे चुकलं’ असं सांगायला कचरू नका. मात्र आधार क्रमांक, बँकेचा आकडा आणि फोनवर आलेला ओटीपी यंत्राला सांगू नका, आणि अनोळखी माणसालाही सांगू नका.

आणखी एक काम सगळ्यांना करण्यासारखं आहे. आता तुम्हाला लिहिता येतं. आपल्या गावचे शब्द लिहून ठेवा. औताच्या भागांची नावं, गवतांची नावं, पावसाची नावं, जात्यावरच्या ओव्या, ऊसतोडीचे शब्द. आजीला विचारा, आजोबांना विचारा. शब्द लिहा, त्यापुढं अर्थ लिहा. एक वही भरली की शाळेतल्या गुरुजींना दाखवा. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो. लिहिलेला शब्द राहतो, आणि उद्या तो माणसालाही उपयोगी पडतो आणि यंत्रालाही.

ज्याला वाचता येत नाही, त्याला यंत्र सांगेल ते मानावं लागतं. ज्याला वाचता येतं, तो यंत्राचं सांगणं तपासू शकतो. पूर्वी कागदावर अंगठा उठवताना मनात धाकधूक असे. आता तुम्ही सही करता. सही करण्यापूर्वी कागद स्वतः वाचण्याचा तुमचा हक्क आहे. यंत्रानं कितीही गोड आवाजात वाचून दाखवलं, तरी तो हक्क सोडू नका.

ध्यानात ठेवा

१. यंत्र पुष्कळ वाक्यं वाचून बोलायला शिकतं. त्यानं शेत पाहिलेलं नसतं.

२. जी भाषा जास्त लिहिलेली असते, ती यंत्राला जास्त कळते.

३. यंत्राचं उत्तर ठाम असलं तरी ते चुकीचं असू शकतं.

४. औषधाचं प्रमाण डब्यावर वाचावं. हेक्टर की एकर ते पाहावं.

५. आपली बोली कमी प्रतीची नाही. तिचे शब्द लिहून ठेवावेत.

६. कागद आधी स्वतः वाचावा आणि मगच सही करावी.